पत्ता गावाचा, आजार पनवेलचा

नांदेड-पनवेल गाडी रात्रभर चालून सकाळी पनवेलला लागते. परभणी, गंगाखेड, परळी, लातूर, कुर्डुवाडी अशी स्टेशने घेत ती येते आणि प्रत्येक स्टेशनावरून आपली काही माणसे चढलेली असतात. कुणी इमारतींच्या कामावर निघालेले, कुणी तळोजा एमआयडीसीत ठेकेदाराकडे, कुणी नाक्यावर उभे राहून जे काम मिळेल ते करायला. सोबत अंथरूण, भांड्यांची गोणी, बाबासाहेबांची तसबीर आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले कागद. त्या सगळ्या कागदांवर पत्ता मात्र गावाचाच.

नवा माणूस आठ दिवसांत खोली शोधतो, महिन्याभरात विहार शोधतो. सरकारी दवाखाना शोधायला मात्र त्याला दोन-दोन वर्षे लागतात. तोवर ताप आला की मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या, नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरचे एक सलाईन. त्या सलाईनमध्ये दिवसाची मजुरी जाते आणि आजार तिथेच राहतो. "सरकारी दवाखान्यात का जात नाही?" असे विचारले की बहुतेक घरांतून एकच उत्तर येते, "आमचं आधारकार्ड गावचं आहे ना."

मागच्या पावसाळ्यात आम्ही विहारात रविवारच्या वंदनेनंतर कागद तपासायला टेबल मांडून बसलो होतो. परभणीकडची एक सूनबाई आली. सातवा महिना चाललेला, चेहरा पांढराफटक. आली होती ती आधारचा पत्ता बदलायचा फॉर्म भरून घ्यायला. घरमालकीणबाईंनी तिला सांगितले होते की आधी आधार पनवेलचे कर, मगच दवाखान्यात नाव लागेल. पत्ता बदलायला भाडेकरार हवा, आणि करार करून द्यायला त्याच घरमालकीणबाई तयार नाहीत. या फेऱ्यात तीन महिने गेले. तेवढ्या काळात एकही तपासणी नाही, एकही इंजेक्शन नाही, लोहाची एक गोळी पोटात नाही. आम्ही फॉर्म बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. केसपेपर निघाला तो परभणीच्या आधारवर. पत्त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हिमोग्लोबिन ७ च्या आसपास निघाले. डॉक्टरबाई तिच्यावर नाही, आमच्यावर रागावल्या. "इतके दिवस काय करत होता?" त्यांचा राग आम्हाला बरोबर वाटला.

एक फरक नीट समजून घ्यायला हवा. सरकारी दवाखान्यात दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक म्हणजे उपचार: तपासणे, औषध देणे, बाळंतपण करणे, लस टोचणे. दुसरी म्हणजे योजना: बँकेत पैसे जमा होणे, विम्यातून मोठे ऑपरेशन होणे. कागद लागतात ते मुख्यतः दुसऱ्या गोष्टीला. पहिल्या गोष्टीला नोंदीसाठी ओळखपत्र मागतील. ते कोणत्याही जिल्ह्याचे चालते. आणि जवळ नसले म्हणून आजारी माणसाला परत पाठवता येत नाही. वस्तीत या दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली आहे. योजनेचा कागद नाही म्हणून माणूस उपचारालाही जात नाही.

हा फरक काही आमच्या मनचा नाही. संविधानाच्या कलम १९ ने भारताच्या कोणत्याही भागात जाऊन राहण्याचा हक्क दिला आहे. कलम २१ ने जगण्याचा हक्क दिला आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. त्याला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरवत राहिले, कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगीत पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांच्या संघटनेने ते प्रकरण सुप्रीम कोर्टात नेले. १९९६ मध्ये कोर्टाने निकाल दिला की वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाईही मिळाली. पुढे कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ३० एप्रिल २०२१ रोजी, सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट सांगितले की स्थानिक पत्त्याचा पुरावा नाही, इतकेच काय, ओळखपत्र नाही या कारणासाठीही कोणत्याही रुग्णाला दाखल करून घेण्यास नकार देता येणार नाही. तो आदेश महामारीतला होता हे खरे. पण त्यामागचा विचार आपण लक्षात ठेवावा असा आहे.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न असतोच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले दरवर्षी बाहेर शिकायला जातात. इंग्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एवढे पैसे आधी भरून घेतात, पण तिथे पोहोचल्यावर घराजवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा सक्तीचा नाही. तिथल्या आरोग्यसेवेचा नियमच आहे तसा. परदेशी मुलाला तिथे जमते, तर परभणीच्या सुनेला पनवेलमध्ये न जमायला काय झाले?

आता पनवेलचे दरवाजे. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली. जुनी नगरपरिषद, सिडकोच्या वसाहती आणि काही गावे तिच्यात आली. पण आपली बरीच घरे करंजाडे, विचुंबे अशा गावांत भाड्याने राहतात. ती महापालिकेत नाहीत, तिथे ग्रामपंचायत आहे. नव्या माणसाला हे कळत नाही, कारण इमारती सगळीकडे सारख्याच. फरक असा पडतो की महापालिकेच्या हद्दीत तुमचा पहिला दरवाजा म्हणजे महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र. हद्दीबाहेर असाल तर जिल्हा परिषदेचे उपकेंद्र आणि नेरे, गव्हाण यांसारखे प्राथमिक आरोग्य केंद्र. तुमची आशाताई यापैकी जे केंद्र असेल त्याचीच असते. म्हणून खोली घेताना पाणी किती वेळ येते हे जसे विचारता, तसेच शेजारणीला विचारा, इथली आशाताई कोण? गर्भवती आणि लहान मुलांची नावे तिच्या वहीत असतात. नवी वस्ती, रोज बदलणारे भाडेकरू, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या, ही घरे त्या वहीतून निसटतात. ती आपल्याला शोधत येईल म्हणून वाट पाहू नका.

दिवसभर कामावर असणाऱ्यांची अडचण अशी की सकाळची ओपीडी म्हणजे खाडा. १ मे २०२३ पासून राज्यात जे 'आपला दवाखाना' सुरू झाले, ते दुपारनंतर रात्रीपर्यंत चालवायचे ठरले ते यासाठीच. आपल्या भागात तो कुठे आहे आणि खरोखर किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे एकदा स्वतः जाऊन बघून यावे. पाटीवरच्या वेळेवर आम्ही फार विसंबत नाही.

याच्या पुढचा दरवाजा म्हणजे पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय. ते महापालिकेचे नाही, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे. त्यामुळे शहरातला असो, गावातला असो, कालच गाडीतून उतरलेला असो, सगळ्यांचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या सर्व रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. लक्षात ठेवा, हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरता आहे. मुंबईचे जे. जे. वैद्यकीय शिक्षण खात्याचे, केईएम आणि सायन मुंबई महापालिकेचे. तिथले नियम व दर वेगळे. आपल्याकडे दुखले की थेट मुंबई गाठायची सवय आहे. बारीकसारीक आजारासाठी हा खर्च कशाला?

गरोदर बाईबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण घोटाळा सर्वात जास्त तिथे होतो. ती सहा महिने पनवेलला असते, सातव्या-आठव्यात माहेरी जाते, बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की परत येते. इथल्या वहीत ती "गावी गेली", तिथल्या वहीत ती "मुंबईची आहे". मधल्या मधे इंजेक्शन राहते, सोनोग्राफीचा कागद हरवतो, बाळाचा डोस चुकतो. याला उपाय एकच, माता-बाल संरक्षण कार्ड. पहिल्या तपासणीला ते फुकट मिळते. त्यावर नोंदणी क्रमांक असतो, रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, सगळे लिहिलेले असते. माहेरी जाताना ते साडीच्या घडीत नव्हे, हातातल्या पर्समध्ये ठेवा. निघण्याआधी इथल्या सिस्टरना सांगा, पोहोचल्यावर तिथल्या आशाताईला दाखवा. मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचे फोटो काढून नवऱ्याला आणि भावाला पाठवून ठेवा. बाळाच्या लशी देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर मोफत मिळतात. लातूरला पहिला डोस आणि पनवेलला दुसरा, याला काही हरकत नाही. फक्त कार्ड दाखवता आले पाहिजे.

जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरी सोडायला गाडी हे सारे मोफत. त्याला जातीचा दाखला लागत नाही, पत्ता लागत नाही. जननी सुरक्षा योजनेचे पैसे मात्र वेगळे. शहरात ६०० रुपये, ग्रामीण भागात ७०० रुपये, आणि आपल्या राज्यात ते अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील मातांना मिळतात. इथे जातीचा दाखला लागतो. बौद्धांना त्यावर हक्क आहे, त्यात संकोच करू नये. ६०० रुपयांचा कागद नाही म्हणून बाळंतपण घरी करायची वेळ आणणे हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे. पहिल्या बाळाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये आहेत, दुसरी मुलगी झाली तर ६०००. त्यासाठी आधार आणि आईच्या नावाचे बँक खाते हवे. नवऱ्याचे खाते चालत नाही, हे आम्हाला दर वेळी सांगावे लागते.

विदर्भातून आलेल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आदिवासींत जसा आहे, तसा आपल्या समाजातही बराच आहे. गावाकडच्या डॉक्टरला ते माहीत असते. इथे मात्र हातपाय आणि सांधे ठणकत असलेले पोर दाखवले की कुणी वात म्हणतो, कुणी अशक्तपणा म्हणतो. म्हणून केसपेपर काढतानाच सांगा, घरात सिकलसेल आहे. गावाकडून मिळालेले कार्ड असेल तर ते कपाटात ठेवू नका, रुग्णाच्या खिशात ठेवा. कार्ड नसेल तर तपासणी मागा. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. रायगडमध्ये कातकरी, ठाकर वस्त्या असल्याने इथल्या सरकारी यंत्रणेला हा आजार नवा नाही. आणि सोयरीक जुळवताना पत्रिका बघणे आपण सोडले ते चांगलेच केले, पण मुला-मुलीची सिकलसेलची चाचणी जरूर बघा.

क्षयरोगाचे औषध चालू असताना गाव सोडणाऱ्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. गोळ्या संपतात, खोकला कमी झालेला असतो, माणूस विसरतो. मग आजार परत येतो तो जास्त हट्टी होऊन. निघताना गावच्या केंद्रावरून आपला निक्षय क्रमांक लिहून घ्या. त्या क्रमांकावर पनवेलमध्ये तेच उपचार पुढे चालू होतात, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पोषण आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे, ती बँकेच्या खात्यात येते. गाव बदलले म्हणून ती बंद होत नाही.

मोठ्या आजाराचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. जालन्याचे रेशनकार्ड पनवेलच्या योजनेतल्या रुग्णालयात चालते. रेशनकार्ड इथे बदलून आणण्याची गरज नाही. अडचण होते ती वेगळीच. सुनेचे नाव कार्डावर चढवलेले नसते, किंवा आधारवर एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरे. हे ठणठणीत असताना दुरुस्त करून ठेवण्याचे काम आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठा. तातडीच्या वेळी दाखल करून घेऊन कागद नंतर देण्याची सोय आहे. शंका असली तर १५५३८८ वर फोन करा. आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालते. 'आभा' क्रमांक मात्र वेगळा आहे. तो नुसता नोंदीचा नंबर, त्यातून उपचाराचे पैसे मिळत नाहीत. आभा कार्ड हातात आले म्हणून निर्धास्त झालेली घरे आम्हाला भेटली आहेत.

तळोजात कामाला असाल तर पगाराची पावती नीट वाचा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याचा ईएसआय कापला जातो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. ठेकेदाराचा कामगारही यात येतो. पावतीवर कपात दिसते, पण विमा क्रमांक हातात नसतो, अशी कितीतरी पोरे आहेत. तो मागून घ्या. त्यावर बायको-मुलांचेही उपचार होतात, आणि वर्गणीचे दिवस भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ही भीक नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आजारविम्याचा आराखडा करण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे देण्यात आले ते त्याच खात्यातून. १९४८ चा ईएसआय कायदा त्यातूनच उभा राहिला. ठेकेदाराला एवढा इतिहास सांगायची गरज नाही, नंबर मागितला तरी पुरे.

कुणी पत्त्यावरून परत पाठवलेच तर? भांडू नका, घरीही जाऊ नका. "साहेब, नाकारण्याचे कारण केसपेपरवर लिहून द्या," एवढेच शांतपणे म्हणा. आमचा अनुभव असा की निम्म्या वेळा तिथेच काम होते. नाही झाले तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, महापालिकेच्या केंद्राची तक्रार असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. १०४ वरही सांगता येते. अपघात, सर्पदंश, झटका, अडलेले बाळंतपण अशा वेळी १०८. गाडी बोलावताना पत्ता सांगता येत नाही ही नव्या माणसाची खरी पंचाईत, म्हणून वस्तीजवळची शाळा, पूल किंवा विहार अशी एक खूण घरातल्या पोरांनाही पाठ करून द्या.

त्या सूनबाई आठव्या महिन्यात गंगाखेडला गेल्या. हिमोग्लोबिन तोवर ९ च्या वर आले होते. दिवाळीनंतर परत आल्या त्या बाळ घेऊन, आणि कार्ड घेऊन. त्यांच्या खोलीशेजारी नेपाळहून आलेल्या एका वॉचमनचे बिऱ्हाड आहे. त्यांच्या मुलीला एकही लस दिलेली नव्हती. आधार नाही, आपल्याला कोण विचारणार, असे आईला वाटत होते. लसीकरणाच्या दिवशी सूनबाई त्या मायलेकींनाही सोबत घेऊन गेल्या. सिस्टरनी मुलीचे वय विचारले, आईचे नाव विचारले आणि नवे कार्ड लिहायला घेतले.

कागद तपासायचे टेबल आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर लागते. येताना रेशनकार्ड, आधार, पगाराची पावती, बाळाचे कार्ड आणि चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन या. काहीच नसेल तर तसेच या.